वांझ मार्ग

सरकारी कागदावर आमच्या बोटीचं नाव : वांझ मार्ग.
थेमेलिना वाचून इतकी हसली की कॉफी उतू गेली.
पाच बाळंतपणांना याच बोटीनं नेलं मला पलीकडे,
आणि मार्ग म्हणे वांझ!

मी धक्क्यावर दोर झेलणारा. एकोणतीस वर्षं.
भोंग्यावरून सांगायचो, आज कप्तान कोण,
घरी भांडून आलाय की झोप काढून.
बोट गंजकी, कायम उशिरा,
पण मंगळवार, गुरुवार, शनिवार
यायची. पीठ, गॅस, शाळेचा मास्तर,
एकदा तर अख्ख्या बोटीतून
नुसतं एक पत्र.

मग समुद्र खुला केला म्हणाले.
आम्हाला वाटत होतं, तो होताच.

खोटं कशाला बोलू, पहिला उन्हाळा जत्रेचा गेला.
तीन कंपन्या, तीन रंग, तिकीट निम्म्यावर.
पिरेअसहून लेक आली नातवाला घेऊन,
चार तासांत!
नव्या बोटींना माझा दोर फारसा लागेना.
मागची फळी टेकवायच्या,
माणसं ओतायच्या, निघायच्या.
मी हात मोकळे घेऊन उभा,
तरी खूश.

ऑक्टोबरात एक रंग गेला. नोव्हेंबरात दुसरा.
तिसऱ्यानं पत्र पाठवलं, अगदी नम्र :
प्रवासी अकरा, सबब.
अकरा. मी मोजून पाहिले, बरोबर होते.
त्यातला एक याकूमिस.
त्याचं रक्त मोठ्या बेटावरच्या यंत्रात
आठवड्यातून तीनदा धुतात.

जुनी बोट तोवर भंगारात निघाली होती.
राजधानीत निविदा उघडली,
पाकीट एकही नव्हतं.
याकूमिसनं घर बंद केलं,
किल्ली माझ्याकडे, कोंबड्या थेमेलिनाकडे.

रात्री वेगवान बोटी लांबून जातात,
सगळ्या खिडक्या उजळलेल्या.
त्या दिसेनाशा झाल्या की
त्यांची लाट पोचते धक्क्यावर,
होड्या एकमेकींवर आपटतात.
ती मात्र कधी चुकत नाही.

फेब्रुवारीत एक बोट आली, भाड्यानं घेतलेली.
दोर फेकणारा पोरगा कोवळा, नेम दोनदा हुकला.
तिसऱ्यांदा मी पाण्यात वाकून झेलला.
गुरुवारी येशील ना, विचारलं.
तो म्हणाला, मला नाही माहीत, काका,
मी फक्त आजच्यापुरता.