रविवारचं खाणं

रविवारी सकाळी सात वाजता
लुंडच्या रस्त्यावर मी असते आणि वारा असतो.
सायकलच्या मुठीवर बोटं बधिर,
चर्चचं दार बंद, बेकरीचं बंद,
देवाला सुट्टी आहे.
पेशींना रविवार कळत नाही.

तिसऱ्या मजल्यावर, सदतीस अंशांच्या उबेत
त्या माझी वाट पाहत असतात,
म्हणजे पाहत नसतात, मी आपलं म्हणते.
काल घातलेलं गुलाबी पाणी पिवळट झालंय:
जेवल्या. चला, जगल्या.
जुनं ओढून घेते, नवं सोडते,
थेंब काठावरून ओघळू देते,
थेट अंगावर पडला तर सुटून येतात.
उत्तरेकडे आमच्या घरी आई
तारेचं दही लावायची, तेव्हा भांड्याशी
अशीच दबक्या हातांनी वावरायची.
विरजण शेजारणीकडचं,
शेजारणीकडे तिच्या सासूचं,
त्याआधीचं कुणाला ठाऊक.

ह्या पेशी मुळात कुणाच्या, मलाही ठाऊक नाही.
त्यांना अजून काहीच व्हायचं नव्हतं,
ना काळीज, ना कातडी, ना नख.
सोळा दिवस आम्ही एकच सांगत राहतो:
तू मेंदूची.
तू मेंदूच्या मधल्या भागातली.
तू हात हलवणारी.
काही ऐकतात. काही भलतंच होऊन बसतात,
त्या मोजून टाकून देते. त्याचीही नोंद असते.

ज्या डोक्यात त्या जाणार
त्याचा मला फक्त आकडा माहीत असावा, असा नियम.
शून्य चार.
पण राग्नहिल्डने कागदांचा गठ्ठा खिडकीत ठेवला होता,
आणि नावावर मारलेली काळी शाई पातळ होती,
आणि उन्हं फेब्रुवारीची, आडवी.
गुनवोर.
मी वाचायला नको होतं.

प्रत्येक भेटीत त्यांना एकच वाक्य लिहायला देतात:
उद्या पहाटे बोट सुटते.
गुनवोरची बोट तांदळाएवढी निघते,
पहाटेपर्यंत मोहरी होते,
सुटते तेव्हा मुंगीची पावलं.
आमच्या लिपीत 'बोट' लिहिताना
एका अक्षराच्या डोक्यावर इवलं कडं येतं.
तिच्या कागदावर तिथे टिंबही नव्हतं.
खाली, 'काय अपेक्षा आहे' ह्या रकान्यात
दुसऱ्या कुणाच्या हस्ताक्षरात:
कोटाची बटणं.
नातीच्या कार्डावर सही, ती ओळखेल अशी.
तरुण व्हायचं कुठेच लिहिलं नव्हतं.

त्या दिवशी नळी मीच खाली नेली,
लिफ्ट टाळली, जिन्याने गेले,
नव्वद पायऱ्या, श्वास धरून.
सोळा दिवसांची रात्रंदिन काळजी
सुईच्या टोकाशी मावली.
मग दार मिटलं.
पुढच्या रविवारी सवयीने सातला जाग आली,
नुसतीच बसले. कॉफी दोनदा केली.

त्यांना घाई नसते.
कवटीच्या अंधारात, परक्या घरी,
महिनोन् महिने त्या चाचपत हात लांबवतात,
शेजाऱ्याशी ओळख होते, न होते.

चौदा महिन्यांनी राग्नहिल्डने कागद पुढे केला,
बोलली काही नाही.
वाक्य तेच. शेवटाकडे पुन्हा निमुळतं.
पण बोटीवर कडं होतं,
आणि कड्यात पोकळी होती.
मी चष्मा पुसला, परत पाहिलं.
"औषधाची मात्राही बदलली आहे," ती म्हणाली,
"आणि एका कागदावरून काही म्हणायचं नसतं."
खरंय. नसतंच.
कागद परत दिला.
बटणांचं विचारायचं राहिलं.

वर आले. शून्य नऊचं पाणी पिवळं पडलं होतं.
जुनं ओढलं, नवं सोडलं,
वेळ लिहिली: सात वाजून चाळीस.
खाली सही केली, रोज करते तशीच,
मग मागची पानं उलटत गेले,
जानेवारी, नोव्हेंबर, त्याआधीचं वर्ष,
आणि स्वतःच्या सहीची उंची
पहिल्यांदाच पट्टीने मोजली.