नाडी

मेदेआबाईंनी सांगितलं होतं, एकच फोटो आणा,
ज्याच्यापासून उठून जाताना
कुणाला तरी मध्येच सोडून निघालोय असं वाटेल.

मला तो सापडला तिबिलिसीतल्या एका तळघरात.
वरचं वर्तमानपत्र कधीच बंद पडलेलं,
खाली आता कुणीतरी मशरूम पिकवतं,
आणि निगेटिव्हच्या खोक्यांना
ओल्या भुशाचा वास येतो.

काळा-पांढरा. खाणीचं तोंड. उजाडायच्या आधीचा उजेड.
मँगनीजने काळवंडलेल्या भिंतीला टेकून अकरा बायका.
वर, दरीवर, रोपवे मध्येच थांबलेला,
रिकामा पाळणा तारेवर लटकतोय
आणि खाली अकरा जीव तसेच टांगणीला.
रडत कुणीच नाही.
एकीच्या हातात डबा; गरम असावा,
डोक्याचा रुमाल सोडून तिने तो त्यात धरलाय.
आणि उजवीकडून तिसरी,
तिची नजर कॅमेऱ्याच्या खाली कुठेतरी रुतलेली.
मागे पेन्सिलीने एवढंच:
"गुरामी. साडेपाच. आत नऊ."

वर्गात मी वीस मिनिटं बोललो.
तारेची तिरपी रेघ, भिंतीचा काळा,
आणि ही नजर, म्हटलं, ही नजर
जमीन फोडून थेट नवव्या माणसापर्यंत उतरते.
माझाच आवाज मला आवडला.
बाई म्हणाल्या, छान.
मग चष्मा पुसत म्हणाल्या, ती आहे का अजून?

मला तिचं नावही माहीत नव्हतं.

मिनीबसने पाच तास. पुढे चढण.
गावात विचारलं तेव्हा फोटो पाहून
तिघांनी एकाच दुकानाकडे हात केला.
त्सियाला अक्रोड तोलत होती.
हात लांब करून, डोळे बारीक करून तिने फोटो पाहिला
आणि चक्क हसली.

"हा पोरगा! तुझ्याएवढाच होता.
ऐन उताराच्या काठावर, मागे मागे सरकत होता,
एक डोळा मिटलेला, दुसरा काचेला चिकटलेला,
आणि डाव्या बुटाची नाडी सुटलेली.
सारखी तिच्याकडेच बघत होते मी.
मनात म्हणत होते, बांध रे, मेल्या, बांध,
आत नऊ आहेत, दहावा नको."

मग सांगितलं का नाही?

"तोंड उघडलं असतं
तर भलतंच काही बाहेर पडलं असतं."

तिने काट्यात आणखी दोन अक्रोड टाकले.
मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली,
"नऊही बाहेर आले. दोघांची नाडी लागेना."
कोण दोघं, ते तिने सांगितलं नाही.
पारडं थरथरत राहिलं, थांबायला वेळ लागला.

वर्गात बोललो ते खोटं नव्हतं.
रेघ तिरपीच आहे, काळा तितकाच काळा.
पण त्या पहाटे, जीव डोळ्यांत आणून उभ्या असलेल्या बाईच्या
डोळ्यांत, एका परक्या पोराच्या
घसरण्याची काळजी मावली होती,
आणि तो ती टिपत होता
काय टिपतोय हे न कळता.
आता कुठलाही मोठा फोटो पाहिला,
पूर, जळकं घर, वाट अडवून उभी माणसं,
की माझं लक्ष चौकटीच्या अलीकडे जातं.
कुणाच्या पायाखाली काय होतं?
त्याला कुणी सावध केलं का?

निघताना विचारलं, तुमचा एक काढू?
तिने ओठ मुडपले, रुमाल सारखा केला,
काट्यामागे ताठ उभी राहिली.
मी कॅमेरा उचलला.

"आधी खाली बघ," ती म्हणाली.

मी गुडघ्यावर बसलो, नाडी बांधली,
गाठीवर गाठ.
उठलो तेव्हा ती अजून माझ्या बुटांकडेच बघत होती.

फोटो थोडा हलला आहे.
तोच नेऊन दाखवणार आहे वर्गात.