बहुधा

अहवालाच्या शेवटच्या पानावर कर्सर लुकलुकतोय
आणि मी परत तो शब्द लिहून बसले आहे.
'टाकी पाडावी लागेल, बहुधा.'

सेहेचाळीस अंश. धंतोलीतलं ऑफिस.
कूलरमधलं पाणी संपून वाळ्याची ताटी नुसती खरखरतेय,
आणि अठरा वर्षं काँक्रीट वाचणारी मी
एका शब्दाच्या सावलीला उभी.

सकाळी मानेवाड्यापलीकडे
हातोडी घेऊन प्रत्येक खांबाशी गेले होते.
धड काँक्रीट टण्ण म्हणतं,
आतून सुटलेलं ढब म्हणतं.
तिसरा खांब 'बहुधा ढब' म्हणाला नाही.
ढब म्हणाला.
पापुद्रा निघाला, आत सळई
भिजत घातलेल्या खारकेसारखी फुगलेली.
त्याच खांबावर पोरांनी कोळशानं
तीन स्टंप आखलेत.

मग हा शब्द येतो कुठून?

बैठकीत 'मला असं वाटतं' म्हणून मी श्वास घेते,
तेवढ्या फटीत कोणीतरी आपलं अख्खं भाषण बसवून जातो.
बिल करताना अठ्ठावीस लिहिते
आणि समोरचा तोंड उघडायच्या आत
मीच बावीस करते.
चहाची किटली माझ्याच हातात का येते, यावर
कितीदा चिडलेय घरी येऊन.
खरं सांगू? हात मीच पुढे करते.

गोळीबार चौकातल्या घरात
आई पहाटे पाचपासून कांड्या भरायची.
काठाचा रंग तिचा, ताणा तुटला तर गाठ तिची.
गिऱ्हाईक आलं की म्हणायची,
'लुगडं यायनंच विनलं जी, मी तं बसूनच रायतो.'
माग कधीच भंगारात गेला.
ते वाक्य मात्र माझ्यासोबत आलं,
डब्यातल्या लोणच्यासारखं,
झाकण कितीही घट्ट लावा, वास येणारच.

शकुंतला उईकेला फोन लावला. मेडिकलला पेशी बघते ती.
हसली. 'मी लिहायची ना, कर्करोग असावा असे वाटते.
एकदा सर्जन म्हणाला, बाई, पेशंट टेबलावर आहे,
वाटणं राहू द्या, कापू की नको?
त्या दिवशी सुटलं.'
मग जरा थांबून,
'किटली अजून माझ्याकडेच आहे पण.
एका दिवशी नाही सुटत बाप्पा सगळं.'

शंकेशी माझं भांडण नाही.
शंकेनंच तर मी खांबाचा गाभा काढून प्रयोगशाळेत धाडला,
दोनदा, वेगवेगळ्या उंचीवरून.
दोन्ही आकडे आता टेबलावर आहेत.
त्यानंतरही जी उरते ती शंका नव्हे,
ती माफी आहे,
मी इथे असल्याबद्दलची.

बॅकस्पेस.
काना गेला. ध गेला. उकार, ह,
शेवटी ब.
स्वल्पविराम तेवढा राहिला,
पूल वाहून गेल्यावरच्या एकट्या खांबासारखा.
तोही काढला.
'टाकी पाडावी लागेल.'
वाक्य इतकं उघडं दिसलं
की मी इकडेतिकडे बघितलं, कोणी पाहिलं तर नाही.

खाली सही. नेहमी एच. आर. पराते लिहिते,
उत्तरं 'श्री. पराते यांस' येतात
आणि मी ती तशीच फाइलला लावते.
आज पूर्ण लिहिलं, हर्षलता.
चार अक्षरं, पण जागा पुरली.

उद्या कंत्राटदार विचारेल, 'मॅडम, पक्कं ना?'
मी 'पक्कं' म्हणेन, कदाचित.

हा बघा. दुसरा आलाच.

असो. त्याच्याकडे उद्या बघू.
आधी वॉर्ड ऑफिसला फोन, अहवाल पोचायची वाट न बघता:
त्या पोरांना आज संध्याकाळीच सांगा,
स्टंप दुसरीकडे आखा.
मग कूलरमध्ये पाणी.