शंभरपर्यंत

गुरुवार. नळाला पाणी नाही.
ऊर्ध्वपातनाचं यंत्र कोरडं,
आणि दुपारी एफ.वाय.च्या चाळीस पोरांना करायचंय
पाच टक्के मिठाचं द्रावण, प्रत्येकी शंभर मिली.
कालचा एक कॅन होता जपून ठेवलेला.

इरफान शिकलगारनं पाच ग्रॅम मोजलं
आणि वर ओतलं पाणी, पूर्ण शंभर,
मोठ्या इमानदारीनं.

चुकलं, म्हटलं. शंभर नाही, शंभरपर्यंत.
तो बघत राहिला.
अरे, मिठालाही जागा लागते.
आधी थोडक्यात विरघळव,
मग फ्लास्कच्या मानेवरच्या त्या रेघेपर्यंत
थेंब थेंब, गुडघे वाकवून.
उभ्यानं बघशील तर रेघ खोटं बोलते.

बिडकर मॅडम हे तेवीस वर्षं फळ्यावर लिहायच्या,
मागे मी बाटल्या धुवायचे.
बारावी नापास, पण बोहरी आळीतला दुकानदार
मलाच विचारतो,
पंच्याण्णवच्या स्पिरिटचं सत्तर टक्के, लिटरभर?
सातशे सदतीस मिली घ्या,
आणि लिटरपर्यंत पाणी.
पर्यंत, शेठ.

घरी, वारज्यात, खुंटीला पिशव्या टांगते.
यांच्या पोटात सोडायचं पाणी, दिवसातून चारदा:
दीड टक्का, अडीच टक्के,
पाय सुजले की सव्वाचार.
हे पाढे शाळेत शिकले तेव्हा
कशाला, म्हणून रडले होते.
सव्वाचार टक्के, दोन लिटर,
म्हणजे पंच्याऐंशी ग्रॅम साखर.
अकरा वर्षं बिनसाखरेचा चहा पिणारा माणूस
पिशवीकडे बघून विचारतो,
गोड असेल का गं?
मी आकडा सांगत नाही.
पाय दाबून बघते. बोटाचा खळगा
किती वेळ राहतो, ते मोजते.
त्याला कुठलं सूत्र नाही.

"मावशी, गेलं."
इरफानचं पाणी रेघेच्या वर. चांगलं दोन मिली.
नियम असा, की ओतून द्यायचं
आणि पहिल्यापासून.
वर आलेलं काढून घेता येत नाही,
त्यात मीठही जातं.

कॅन हलवून बघितला. तळाशी खळखळ,
आणि अजून नऊ पोरं रांगेत.

लेबल सोललं, नवं चिकटवलं.
लिही, म्हटलं, चार पूर्णांक नऊ.
पाच लिहू नकोस.

त्यानं लिहिलं. मग डोकं खाजवत म्हणाला,
मावशी, पहिलं फेकलं,
ते पण एवढंच आलं असतं ना?

आलं असतं.
पण तेव्हा तुला ते माहीत नव्हतं.