पर्यायी मार्ग

नगरपरिषदेनं मला चार दारं दिली,
पाडलेल्या दवाखान्याची, सागाची,
स्ट्रेचर जाईल इतकी रुंद,
आणि एक कागद:
जलवाहिनीचे काम चालू. रस्ता बंद.
तसदीबद्दल दिलगीर आहोत.
फ्लेक्स का नाही, हे मी विचारलं नाही.
चोपड्याच्या मार्चमध्ये फ्लेक्सचा लाल
आधी गुलाबी होतो, मग नुसताच पांढरा,
आणि लोक त्या पांढऱ्यात गाडी घालतात.

एका दाराचे एकशे ऐंशी. रंग माझा.
‘तारखेची जागा मोकळी ठेव, चैत्राम,’
भारंबे साहेब म्हणाले, ‘ती आपण खडूनं टाकू.’

‘बंद’ एका दमात होतं.
‘दिलगीर’ला वेळ लागतो.
पहिली वेलांटी दच्या डोक्यावरून
सावकाश आणावी लागते,
घाई केली की क्षमा वाकडी दिसते.

चौथ्या दारावर नुसता बाण.
बाणाला वर-खाली नसतं,
म्हणून ठोकणाऱ्याला तो उलटा ठोकल्याचं कळलं नाही.
दोन दिवस केळीचे ट्रक
गुजर गल्लीत शिरत राहिले,
जिथे बायकांनी खाटांवर बिबडे घातले होते.
हॉर्न वाजला की खाट आत,
ट्रक गेला की खाट बाहेर.
‘कोनी काढा रे हाऊ बान?’
मंजूळमावशी सगळ्या गल्लीला विचारत होती.
तिनंच दिलेला ओला बिबडा
मी भिंतीला टेकून खात होतो.

खरा घोळ फुटपाथचा झाला.
चर फुटपाथमधूनच गेला,
माती रस्त्यावर, पाइप मातीवर,
पाइपांवर दुपारी झोपलेला मुकादम.
कागदात वाहनांना पर्यायी मार्ग होता,
पायी जाणाऱ्यांना ‘काळजी घ्यावी’.
हातांनी जाणाऱ्याबद्दल काही नव्हतं.

नबाब तडवी तीनचाकी हातांनी फिरवतो,
पोस्टासमोरच्या निंबाखाली किल्ल्या घडवतो.
शाळेची पोरं चरावरून उड्या मारायची,
म्हातारे एकमेकांना धरून, शिव्या देत.
तो काठाशी यायचा, ब्रेक दाबायचा.
‘आते कथाईन जाऊ भो?’
हे तो मलाच विचारायचा,
कारण पाटीवरचं अक्षर माझं.

चार दिवस निंबाखाली कोणी नव्हतं.
पोस्टातल्या साळुंखेबाई
स्वतःच्याच कुलपासमोर
तासभर पिशवी धरून उभ्या राहिल्या.

त्या रात्री मी आणि मुकादमानं एक दार उतरवलं.
बाणाचं नाही. बाण तोवर सुलट झाला होता.
चरावर आडवं टाकलं, अक्षरं खाली,
काही मनात धरून नाही,
ऑइलपेंटवर चाक घसरतं म्हणून.
खालून पाइप वाचत असेल:
रस्ता बंद, दिलगीर आहोत.

उरलेल्या दारांवरचा खडू बदलत गेला.
पंधरा तारीख पुसून तीस,
तीस पुसून ‘लवकरच’.
‘लवकरच’ कोणी पुसलं नाही.

भारंबे साहेब मोजायला आले.
गाडी पलीकडे लावून दारावरून चालत अलीकडे आले,
अलीकडे उभं राहून म्हणाले, ‘तीनच? चौथं?’
मी ब्रश रॉकेलमध्ये बुडवत राहिलो.
त्यांनी वहीत ‘एक गहाळ’ असं लिहिलं,
माझे एकशे ऐंशी कापले,
आणि त्याच दारावरून परत गेले,
मधे जरा थबकून,
लाकूड किती वाकतं ते बुटानं बघत.

नबाब आता रोज नऊला पार होतो.
काल मधोमध थांबला.
मागे दुधाची सायकल, तिच्यामागे दोन पोरं, सगळी खोळंबली.
तो वाकला,
दारातल्या कुलपाच्या भोकात बोट घातलं,
आत फिरवलं, बाहेर काढून गंज बघितला.
‘कुलूप चांगलं शे,’ तो म्हणाला.
‘किल्ली बनाई देऊ का?’
मी म्हटलं, आधी पलीकडे जा.