रुमालाखाली

खंबाटकीत ईशानला उलटी झाली,
भडंगाच्या पिशवीत, आणि आई म्हणाली
बरं झालं, रिकामीच होती.
पेठ नाक्याला वळण चुकलं ते मात्र माझ्यामुळे.
फोनमधली बाई सांगत होती डावीकडे,
मागून अण्णा सांगत होते डावीकडे,
आणि मी, दोघांचंही न ऐकायची सवय असलेली,
सरळ कोल्हापूरच्या वाटेला पाच किलोमीटर.
अण्णा काही बोलले नाहीत.
फक्त खिडकीची काच खाली केली,
आष्ट्याच्या पुढे
वारा ओळखीचा लागतोय का बघायला.

सांगलीत गाडी लावली ती पार आयर्विन पुलाच्या तोंडाशी.
तिथून गणपती पेठेपर्यंत चालत,
म्हणजे हातगाडीच्या मागून, पोत्याच्या बाजूनं,
"अहो ताई पाय" असं ओरडणाऱ्या हमालाच्या
काखेखालून.
चटणीचा ठसका आधी, मग गूळ,
मग कुठल्यातरी बोळातून आलेली हळद,
जी नाकाला नाही, दातांना कळते.
हेमलतावहिनी व्हिडिओ काढत होती
आणि पुन्हा पुन्हा शिंकत होती,
त्यामुळे सगळा बाजार तिच्या फोनमध्ये
दर दहा सेकंदांनी हादरतो.

आई बेदाण्याच्या दुकानात बसली.
हिरवा, पिवळा, काळा,
प्रत्येकातला एकेक दाताखाली धरून
ती दुकानदाराकडे अशी बघायची
की त्यानं आपणहून वीस रुपये उतरवले.
आम्ही पिशव्या मोजल्या. पाच.
माणसं मोजली. एक कमी.

अण्णा सापडले हळदीच्या गाळ्यात,
पोत्यावर बसलेले, पायात चप्पल नाही.
समोर त्यांच्याच वयाचा एक माणूस,
पापण्यांपर्यंत पिवळा.
"दस्तगीर," अण्णा म्हणाले, म्हणजे ओळख करून दिली,
आणि पुन्हा गप्प झाले.
दोघांच्या हातांवर एक टावेल होता
आणि टावेलाखाली बोटं बोलत होती.

तीस वर्षांपूर्वी अण्णा इथल्या अडतीत दिवाणजी होते
हे मला माहीत होतं,
जसं रक्तगट माहीत असतो.
सौदा रुमालाखाली व्हायचा हेही ऐकलेलं:
बोट धरलं तर एवढे, पेर दाबलं तर तेवढे,
शेजारच्याला कळता कामा नये.
पण ठाण्याच्या ब्लॉकमध्ये, कंपनीच्या पासावर,
हे हात मी फक्त
भाजीच्या पिशवीला लावलेले पाहिले होते.

"काय घेताय?" मी विचारलं.
"काही नाही गं. पोरं किती विचारलं.
मग शुगर विचारली. दोनशे दहा म्हणतोय."
दस्तगीरचाचा हसले, खोकले,
"खोटं सांगतोय म्हणाला तुझा बाप,
दोनशे चाळीसचं बोट हाय हे."
मग टावेल पुन्हा स्थिर झाला.
खालचा एक हात खालच्या दुसऱ्या हातात
बराच वेळ राहिला,
कुठल्याच आकड्यात बसणार नाही इतका.
बाहेर टेम्पो मागे येत होता, येऊ द्या, येऊ द्या,
आणि कुणीतरी ओरडत होतं, बास.

त्यांनी दिलेली हळकुंडं
पैसे न घेता, कागदात, दोन किलो.
"आणि शेवटी काय बोललात?" मी गाडीत विचारलं.
"रुमालाखालचं बाहेर काढायचं नसतं."
एवढंच. मग डोळे मिटून घेतले.

परतीला बोगद्यात गाडी पिवळी झाली,
दिव्यांनी, की हळदीनं, सांगता येत नाही.
ईशान वहिनीच्या मांडीवर झोपलेला.
आरशात मला मागची सीट दिसली:
आई आणि अण्णा, मधे नॅपकिन पसरलेला,
आणि त्याखाली काहीतरी हललं.

ती गणपती पेठेत कधी कामाला नव्हती.
तिला हे कुणी शिकवलं,
कुठल्या रात्री, किती रुपये पगारात,
कुठल्या भिंतीपलीकडे सासू जागी असताना,
मी विचारलं नाही.

"एवढ्यात नाही परवडत,"
आई म्हणाली, खिडकीबाहेर बघत,
आणि हात काढून घेतला नाही.