चौथी पायरी

आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत.
आजोबा इथे राहायला आले तेव्हा एकही नव्हती.
उंबरा ओलांडला की थेट गवत,
एखादं वासरू सकाळी सकाळी
स्वयंपाकघरातच डोकं घालायचं म्हणे.

घर लाकडी खांबांवर आहे, खाली वाळूपर्यंत ठोकलेल्या.
ते जागचं हललं नाही.
जमीन खाली गेली.

फ्रीसलंडात आमच्या बाजूची माती म्हणजे
कुजायचं राहून गेलेलं गवत,
हजारो वर्षं पाण्याखाली झाकून ठेवलेलं.
पाणी उपसलं की त्याला हवा लागते,
मग ते जळू लागतं. धूर नाही, ज्वाळा नाही.
वर गाई चरतायत,
खाली वखार पेटलेली.
वर्षाला नखभर खचायचं, कोणाच्या डोळ्यावर येत नाही.
बाबांनी चाळीस वर्षं पंप चालवला
ट्रॅक्टर रुतू नये म्हणून,
गवत शेजाऱ्यांच्या आधी यावं म्हणून.
दोन पायऱ्या त्यांच्याच हातच्या.

गेल्या हिवाळ्यात डेअरीचा माणूस आला
गाईंच्या ढेकरांचा हिशेब घेऊन.
चाऱ्यात काय मिसळायचं, शेण कसं झाकायचं,
सगळं नीट समजावलं. योरित नाव, चांगला मुलगा.
निघताना तिसऱ्या पायरीवर अडखळला.
"केवढं उंच बांधलंय घर तुम्ही," म्हणाला.
मी हसले.
आणि रात्रभर छताकडे बघत पडले.

चौऱ्याण्णव गाई होत्या. अठ्ठावन्न ठेवल्या.
जड होत्या त्या आधी गेल्या,
ओल्या जमिनीला त्यांचे खूर पेलले नसते.
आक्के शेवटची ट्रकमध्ये चढली,
चढता चढता वळून माझ्या बाहीला चाटलं तिनं.
तो कोट मी अजून धुतलेला नाही.

बाबा म्हणाले, "पायरी सोडून वागतेयस, वितस्के."
मी म्हटलं, "पायरीचंच तर चाललंय सगळं."
मग दोन आठवडे आम्ही फक्त मीठ मागण्यापुरतं बोललो.

मार्चमध्ये चराच्या तोंडाशी तीन फळ्या सरकवल्या.
पंप थांबला.
इतकी शांतता मी त्या कुरणात कधी ऐकली नव्हती;
बाबा खिडकीशी आले
आणि कानातलं यंत्र काढून तपासू लागले.

पाणी गवताच्या मुळांपाशी वीतभर अंतरावर येऊन थांबलं.
सिब्रेन कुंपणापलीकडून ओरडला, "बदकं पाळणार का आता?"
खुरांना चिखल, दोन गाईंच्या यकृतात कृमी,
बँकेचं पत्र, मग बँकेचं दुसरं पत्र.
दुधाची टाकी अर्धीच भरते,
धुताना तिचा आवाज मोठा येतो.
डेअरी लिटरमागे काही सेंट जास्त देते. ते पुरतात
असं मी कोणाला सांगत नाही.
चराकडेला पाणकणीस आलंय, न लावता.

मे महिन्यात मधल्या तुकड्यात ग्रुटोनं घरटं केलं.
हा पक्षी स्वतःचंच नाव घेत ओरडतो,
विसरेल की काय अशी भीती असल्यासारखा.
मी तेवढं गवत कापायचं ठेवलं.
बाबा खिडकीत, दुर्बीण घेऊन.
"किती पिल्लं?" विचारलं तर म्हणाले,
"मी हवामान बघतोय."

गोठ्यामागे ताडपत्रीखाली विटा आहेत, पिवळ्या, सव्वीस.
चौथ्या पायरीसाठी त्यांनीच कधी तरी आणलेल्या.
काल संध्याकाळी काठी टेकत टेकत ते तिथपर्यंत गेले.
मला वाटलं विटा मोजायला.

नंतर पाहिलं,
गोठ्याच्या खांबात एक नवा खिळा,
बरोबर जमिनीच्या रेषेवर,
आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख,
बाबांच्या त्या थरथरत्या, खालच्या अंगाला झुकणाऱ्या आकड्यांत.

जेवताना मी खिळ्याचं काढलं नाही.
"पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले,
बटाट्यांकडे बघत.

विटा तिथेच आहेत.
विकून टाका, असं मीही म्हणाले नाही.